कलाबाईंचं ‘हो’

मी तेजल पगारे. जीएनएम झालेली, रजिस्ट्रेशन असलेली नर्स. नोकरीला अकरा वर्षं झाली, त्यातली सहा पाथर्डी फाट्याजवळच्या या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात. हे आधीच सांगून टाकते, कारण इथे येणारे नातेवाईक मला सर्रास मावशी म्हणतात आणि चादर बदलायला सांगतात. चादर मी बदलते, त्यात कमीपणा कसला? पण ती बदलताना पाठीला जखम धरायला लागली आहे का, लघवीचा रंग कसा आहे, काल हसणारी बाई आज का गप्प आहे, हे मी बघत असते. ते शिकायला मला साडेतीन वर्षं लागली.

हॉस्पिटलात माणूस येतो, बरा होतो, घरी जातो. आमच्याकडे तो राहतो. कुणी दोन वर्षं, कुणी सात वर्षं. त्यामुळे आम्हाला त्यांचं सगळं पाठ होतं. कोण गोळी गालात लपवते, कुणाला वरण पातळच लागतं, कोण मुलाचा फोन आला नाही की पोट दुखतंय म्हणते. माझ्या हॉलमध्ये आठ खाटा, आठ बायका. ‘माझ्या आठही जणींना मी डोळे मिटून ओळखते,’ असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आता असं बोलायची माझी छाती होत नाही.

त्या आठातल्या एक कलाबाई जाधव. महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. म्हणजे सगळी नाही गेली, एक शब्द राहिला. ‘हो.’ भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. डॉक्टरांनी तेव्हाच समजावलं होतं की ते ‘हो’ खरं धरायचं नाही. मनात काहीही असलं तरी तोंडातून तेवढंच बाहेर पडतं. मला हे नवीन नव्हतं, पुस्तकात शिकलेच होते. पण पुस्तकातलं पुस्तकात राहतं. रोज बारा तास एखाद्या माणसाबरोबर काढले की आपण बोलायला लागतोच.

“आजी, चहा गोड झालाय ना?” “हो.” “आजी, माझ्या सासूचंच चुकलं ना?” “हो.” “मी गावी गेले नाही ते बरंच केलं ना?” “हो.” मान जरा हलवून, माझ्याकडे बघत, अगदी मनापासून म्हटल्यासारखं. तीन वर्षांत माझं म्हणणं इतकं कुणीच मान्य केलं नव्हतं, नवऱ्याने तर नाहीच नाही. कलाबाई मला आवडायच्या. का आवडायच्या, ते मी कधी स्वतःला विचारलं नाही.

मग दीड महिन्यापूर्वी पुतळाबाई आल्या. वणीजवळच्या खेड्यातल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, शुगर भरपूर, रोज दोन वेळा इन्सुलिन. जीभ एकदम तयार. त्यांना तीन नंबरची खाट मिळाली आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ओरडायला सुरुवात केली. आमच्या हॉलमध्ये चार खाटा उत्तरेच्या भिंतीला आहेत आणि चार समोर दक्षिणेच्या. तीन नंबरवर झोपलं की डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला येतात.

“शिस्टर, दक्षिणेला पाय करून मढं ठेवत्यात. मी आजून जित्ती हाय,” पुतळाबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, “आजी, इथे सगळ्या जिवंतच आहेत.”

“मंग मलाच का मढ्यावानी झोपवता?”

खाट फिरवता येत नाही, कारण बेल आणि ऑक्सिजनचा पॉइंट उशाशी भिंतीतच आहे. तर ही बाई रात्री स्वतःच फिरायची. उशी पायथ्याशी ओढून, पाय भिंतीकडे करून झोपायची. तिकडच्या टोकाला कठडा नाही. दोनदा पडता पडता वाचली. कमरेचं हाड मोडलं असतं तर मलाच बोल लागला असता.

मी दिशा मानत नाही. आम्ही बौद्ध, आमच्या घरात दिशा बघतात ती फक्त कपडे कुठल्या बाजूला लवकर वाळतील यासाठी. त्यामुळे पुतळाबाईंचा रोजचा जप ऐकून माझं डोकं उठायचं. पण पडायची भीती खरी होती. आणि त्यांच्या बरोबर समोर, दक्षिणेच्या भिंतीला, सात नंबरच्या खाटेवर कलाबाई होत्या. त्यांचे पाय उत्तरेला. कलाबाई आमच्यातल्याच, शिकलेल्या, घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो असलेल्या. मंगळवारी दुपारी मी त्यांच्याजवळ गेले.

“आजी, आपण नाही ना मानत हे दिशाबिशा? समोरच्या खाटेवर जाल का तुम्ही? त्या म्हाताऱ्या बाईला जरा बरं वाटेल.”

“हो,” कलाबाई म्हणाल्या.

“बघा,” मी पुतळाबाईंना म्हणाले, “शिकलेलं माणूस कसं असतं.” वर हेही म्हणाले.

मी आणि आमच्या भागीबाई मावशी, दोघींनी मिळून अर्ध्या तासात अदलाबदल केली. माणसं, गाद्या, कपाटातले कपडे, तांब्या-भांडं. खाटेला लटकवलेल्या फायली आणि औषधांच्या ट्रेवरची यादी तशीच ठेवली. यादी खाटेच्या नंबराने असते. ‘खाट ३, सकाळी १८ युनिट.’ नंबर बदलायचा तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बदलावा लागतो, आधी नातेवाइकाची सही लागते, मग नवी यादी छापून येते. म्हटलं, उद्या करू. चेहऱ्याने तर आम्ही सगळ्यांना ओळखतोच.

त्या दिवशी आमची रात्रपाळीची नेहमीची सिस्टर रजेवर गेली. तिच्या जागी वरच्या मजल्यावरच्या पुरुषांच्या हॉलमधून स्नेहल आली. तेवीस वर्षांची, रजिस्ट्रेशन होऊन आठ महिने झालेले. इगतपुरीच्या बाजूच्या एका खेड्यातली, घरातली पहिलीच नर्स. रात्री आठला मी तिला सगळं समजावून दिलं. कुणाला ताप आहे, कुणाचं पोट साफ झालेलं नाही, कुणाला रात्री उठून बसायची सवय आहे. ती एका छोट्या डायरीत लिहून घेत होती आणि प्रत्येक वाक्याला “हो सिस्टर” म्हणत होती. मग मी गाडी काढली आणि देवळालीला घरी गेले.

बुधवारी सकाळी पावणेआठला आले. आल्या आल्या मी हॉलमधून एक चक्कर मारते, तशी मारली. कलाबाईंपाशी थांबले, कारण त्या या वेळेला कधी झोपलेल्या नसतात. गाऊन घामाने भिजून अंगाला चिकटलेला, कपाळ थंडगार. “आजी,” मी म्हटलं. उत्तर नाही. “आजी, ऐकू येतंय का?” तीन वर्षांत पहिल्यांदा त्या ‘हो’ म्हणाल्या नाहीत.

मी शुगर तपासली. शेहेचाळीस.

माझा विश्वास बसला नाही. कलाबाईंना शुगरचा आजार नाही, कधीच नव्हता. दुसऱ्या बोटातून रक्त घेतलं, त्रेचाळीस. मशीन बिघडलं असेल म्हणून वरच्या मजल्यावरचं मशीन मागवलं, पण ते येईपर्यंत थांबले नाही. शीर शोधली, ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, डॉक्टरांना फोन केला. हात आपोआप चालत होते, डोकं मात्र भलतीकडेच धावत होतं. पुन्हा झटका आला का? अंगात कुठे पू झालाय का? काल रात्री जेवल्या नाहीत का? स्नेहल शेजारी उभी राहून मला एकेक वस्तू देत होती, तिलाही काही कळत नव्हतं.

दहा मिनिटांनी कलाबाईंनी डोळे उघडले. मी त्यांच्या गालावर हात ठेवला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते ठरत नव्हतं.

तेवढ्यात समोरून पुतळाबाईंचा आवाज आला. “शिस्टर, म्या सांगत नव्हते? पाय फिरवले आन् सुई सुटली बगा. आज मला टोचलीच नाय.”

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. सात नंबरच्या खाटेवर पाय पसरून, प्रसन्न चेहऱ्याने बसल्या होत्या. मी कलाबाईंच्या खाटेच्या पायथ्याशी गेले. तिथे फाईल लटकत होती, ‘खाट ३, पुतळाबाई’. अठरा युनिट.

“स्नेहल, तू हिला इन्सुलिन दिलंस?”

“तीन नंबरला दिलं सिस्टर, पावणेसातला. यादीत होतं.”

“अगं, ही पुतळाबाई आहे का? नाव नाही विचारायचं?”

“विचारलं सिस्टर,” ती म्हणाली. “म्हटलं, तुम्ही पुतळाबाई ना? हो म्हणाल्या. म्हटलं, इन्सुलिन चालू आहे ना? हो म्हणाल्या.”

“तिला काहीही विचारलं तरी ती हो म्हणते! एवढं कळत नाही तुला?”

मी हे ओरडून म्हणाले. मग माझंच वाक्य मला ऐकू आलं आणि मी सलाईनची बाटली उगाचच नीट करत बसले.

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी दर अर्ध्या तासाला शुगर बघायला सांगितलं, दिवसभर नजर ठेवायला सांगितलं आणि दहा मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं तेही स्पष्ट सांगितलं. दहा वाजता मॅनेजर खैरनार सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नवनाथ खैरनार माणूस वाईट नाही. त्यांना फक्त कुठलीही गोष्ट दुपारपर्यंत मिटलेली लागते.

“नवी मुलगी, नवी चूक,” ते म्हणाले. “तिला आजच कमी करतो. नर्सिंग कौन्सिलला कळवावं लागलं तर कळवू. कलाबाईंचा मुलगा चार वाजता येतोय. तोपर्यंत तुम्ही रिपोर्ट लिहून द्या. पेशंटची ओळख न पटवता इंजेक्शन दिलं, एवढंच लिहा. जास्त रामायण नको.”

“तिने नाव विचारलं होतं सर.”

“पण चुकीच्या बाईला दिलं ना? बास तर.”

मी “ठीक आहे सर” म्हणून बाहेर आले. कौन्सिलला कळवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. चौकशी, नोटिसा, कदाचित रजिस्ट्रेशनवर घाला. आठ महिन्यांची नर्स ती, तिथेच संपली असती. आणि अदलाबदल मी केली होती, यादी मी बदलली नव्हती. पण मी तिला सांगितलं असलं तर? सगळा प्रश्न तिथे येऊन थांबत होता. काल रात्री आठ वाजता मी स्नेहलला खाटा बदलल्याचं सांगितलं होतं का?

आता गंमत अशी, की मला आठवत होतं. मी टेबलाजवळ उभी आहे, हात हॉलकडे करून म्हणतेय, ‘तीन आणि सातची अदलाबदल केलीय, लक्षात ठेव.’ स्पष्ट आठवत होतं, माझ्या हातात गाडीची किल्लीसुद्धा होती. आणि तितकंच स्पष्ट हेही आठवत होतं की मी तापाचं सांगितलं, पोटाचं सांगितलं, घड्याळ बघितलं आणि निघाले. दोन्ही आठवणी खऱ्या वाटत होत्या. जितका जास्त विचार करावा तितक्या दोन्ही पक्क्या होत होत्या.

स्नेहल घरी गेली नव्हती. औषधांच्या खोलीत स्टुलावर बसून होती. मी दार लोटून घेतलं.

“खरं सांग. मी तुला अदलाबदलीचं बोलले होते का?”

तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली. “बोलला असाल सिस्टर. माझ्याच लक्षात राहिलं नसेल.”

“बोलला असाल नको. बोलले होते की नव्हते?”

“तुम्ही म्हणताय तर बोललाच असाल.”

“डायरी दाखव.”

डायरीत खाटांबद्दल काही नव्हतं. पण तिने सगळंच कुठे लिहून घेतलं होतं? ताप लिहिला होता, पोटाचं लिहिलं नव्हतं. म्हणजे मी बोलले असेन आणि तिने लिहिलं नसेल, किंवा मी बोललेच नसेन. डायरीवरून काहीही सिद्ध होत नव्हतं. आणि ही पोरगी, जिची नोकरी जायची वेळ आली होती, ती माझ्यासाठी मान डोलवत होती. मला तिचा भयंकर राग आला. भांड ना जरा, असं ओरडावंसं वाटलं.

बारा वाजता कलाबाईंची शुगर एकशे अठरा आली. चेहऱ्यावर रंग आला होता, भागीबाईंनी चमच्याने भरवलेली पेज त्यांनी संपवली होती. मी खुर्ची ओढून बसले. आणि काय केलं सांगू? मी त्यांनाच विचारलं.

“आजी, मी काल स्नेहलला सांगितलं होतं ना? तुम्ही ऐकलं असेल.”

“हो.”

एवढं हायसं वाटलं मला की काय सांगू. निदान अर्धं मिनिट मी निर्दोष होते. मग वाटलं, थांब. घसा साफ करून पुन्हा विचारलं, “आजी, मी सांगितलं नव्हतं ना?”

“हो,” कलाबाई म्हणाल्या. तशाच, मान जरा हलवून.

मी तिथेच हसायला लागले. पुतळाबाई समोरून म्हणाल्या, “शिस्टरला उन्ह लागलं वाटतं.”

दुपारी दोनला भागीबाईंनी कलाबाईंना अंग पुसायला चाकाच्या खुर्चीतून न्हाणीघरात नेलं. तीन नंबरची खाट रिकामी झाली. चादर ओली होती म्हणून मी बदलायला गेले, आणि भिंत दिसली. आमच्या खाटांचे नंबर ओळीने नाहीत, ही खाट कोपऱ्यातली, एक बाजू पूर्वेच्या भिंतीला अगदी चिकटून. त्या भिंतीचा रंग तळहाताएवढ्या जागी खरवडलेला होता. नखांचे ओरखडे होते, ताजे. खाली चादरीवर रंगाची पूड पडली होती.

मला आधी काहीच समजेना. पुतळाबाई दीड महिना इथे होत्या, त्यांनी केलं असेल का? पण पूड तर कलाबाईंच्या चादरीवर होती. मी चप्पल काढली आणि सरळ खाटेवर आडवी झाले. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. उजवा हात मेल्यासारखा अंगाला लावून ठेवला. बेल कुठे आहे? उजवीकडे. पाण्याचं भांडं? उजवीकडे. कठडा धरून कुशीवर व्हायचं तर तोही उजवीकडे. डावा हात उचलला, तो भिंतीवर आपटला.

सात नंबरची खाटही त्याच भिंतीच्या कोपऱ्यातली. पण तिथे डोकं दक्षिणेला असतं, त्यामुळे भिंत उजव्या अंगाला येते, मेलेल्या बाजूला. आणि चांगल्या डाव्या हाताशी बेल, पाणी, कठडा, सगळं. तीन वर्षांपूर्वी ती खाट मीच त्यांच्यासाठी निवडली होती, याच कारणासाठी. ज्या बाईचा एकच हात चालतो तिला मी दिशा मानत नाही म्हणून अशा ठिकाणी नेऊन ठेवलं की तो हात भिंतीत गेला. दिशेला अर्थ नसतो म्हणणारी मी. पावणेसातनंतर अंगातली शक्ती जात असताना त्या बेल शोधत होत्या. आणि मी वीस मिनिटांवर, द्वारकेच्या सिग्नलला, सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत उभी होते.

मी उठले नाही. तशीच पडून राहिले आणि छताकडे बघत रडले. मला माझी लाज वाटत होती. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीनेही ही चूक केली नसती. स्नेहलला सांगितलं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही, पण त्या प्रश्नाचा आधार मी दिवसभर का धरून बसले होते ते तेव्हा कळलं.

भागीबाई परत आल्या तेव्हा म्हणाल्या, “ताई, बरं नाय का तुम्हाला?”

“बरंय. कलाबाईंना सातवर न्यायचंय. पुतळाबाईंना दुसरीकडे बघू.”

दक्षिणेच्या भिंतीला आणखी तीन खाटा होत्या. त्यातल्या एकीवरच्या अक्काबाईंना मी विचारलं, तुम्ही तीनवर जाल का. त्या म्हणाल्या, “मी नाय हलणार. कुणाला पाह्यजे तिनं जमिनीवर निजावं.” एरवी मी चिडले असते. तेव्हा मात्र तो नकार ऐकून मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला. पुतळाबाई तीनवर परत गेल्या, उलट्या दिशेने झोपणार म्हणाल्या, आणि मी पायथ्याला एक जास्तीचा कठडा बांधून दिला. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर? पण तेव्हा मला त्यांच्याशी वाद जिंकायचा होता.

मग रिपोर्ट लिहिला. अदलाबदल मी केली. नातेवाइकाची सही घेतली नाही. यादी बदलली नाही. ड्युटी बदलताना सांगितल्याची खात्री देता येत नाही. पेशंटला चांगल्या हाताशी बेल न येणाऱ्या खाटेवर मी ठेवलं. स्नेहलने यादीप्रमाणे आणि नाव विचारून इंजेक्शन दिलं, पण जिला बोलता येत नाही तिची ओळख फाईलमधला फोटो चेहऱ्याशी ताडून पटवायला हवी होती, ते तिने केलं नाही, हेही लिहिलं. माझी इन्चार्जची जागा, माझं रजिस्ट्रेशन, अकरा वर्षं, सगळं त्या एका पानावर होतं. मी घाबरले होते, भयंकर घाबरले होते.

चार वाजता कलाबाईंचा मुलगा संघर्ष आला. सातपूरच्या कंपनीतून तसाच, युनिफॉर्ममध्ये. खैरनार सरांनी माझा रिपोर्ट वाचला, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “हे काय लिहून बसलात तुम्ही?” तेवढ्यात संघर्षभाऊंनी कागद त्यांच्या हातातून घेतला. सावकाश वाचला, दोनदा.

“आई पूर्वी कुणाचं ऐकायची नाही,” ते एकदम म्हणाले. “शाळेत मुख्याध्यापक तिला टरकून असायचे. आजारी पडली तेव्हा मी विचारलं, आई, तिकडे राहशील ना, तिथे नर्स असते चोवीस तास. हो म्हणाली. ते हो मी तीन वर्षं उराशी धरून बसलोय सिस्टर.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “त्या मुलीला कमी करू नका. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.”

“आणि सिस्टरांबद्दल?” खैरनार सरांनी विचारलं. त्यांना आजच मिटवायचं होतं.

“ते मी ठरवणारा कोण? आईला विचारतो.”

आम्ही सगळे हॉलमध्ये गेलो. मी, खैरनार सर, दाराशी स्नेहल. कलाबाई सात नंबरवर टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, डावा हात कठड्यावर. संघर्षभाऊ खाटेवर बसले आणि त्यांनी तो हात हातात घेतला.

“आई, तुला काल त्या खाटेवर नेलं ते सिस्टरांचं चुकलं. त्यांनी सगळं लिहून दिलंय. आपण तक्रार नको करायला. माफ करून टाकायचं ना त्यांना?”

उत्तर काय येणार ते मला माहीत होतं. त्याला काही अर्थ नाही हेही माहीत होतं. तरी माझा जीव त्या एका शब्दासाठी टांगणीला लागला होता. तो आला असता तर मी घेतला असता, खोटं कशाला बोलू.

कलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ओठ घट्ट मिटलेले. काही नाही.

“आई? ऐकतेस ना? माफ केलंस ना?”

त्यांनी हात मुलाच्या हातातून सोडवून घेतला आणि चादरीखाली नेला. तोंडातून अवाक्षर नाही.

“थकल्यात त्या,” खैरनार सर घाईने म्हणाले. “उद्या विचारू. उद्या म्हणतील.”

तो नकार होता की थकवा, मला खरंच कळलं नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतील, सांगता येत नाही. सकाळपासून शुगर खाली-वर झालेली, एखादा माणूस गप्प बसतोच. पण त्यांचं ‘हो’ मी तीन वर्षं माझ्या सोयीने घेतलं होतं. आता त्यांचं गप्प बसणंही माझ्याच सोयीने घ्यायचं का?

“उद्या विचारू नका,” मी म्हणाले. “त्यांनी सांगितलंय.”

मग संघर्षभाऊंना बाहेरच्या बाकावर घेऊन गेले आणि माझी तक्रार कुठे करायची, कशी करायची, ते त्यांना नीट समजावून सांगितलं.